शिकाऊ गाडीतून साठीची सहल

इस्पितळात बाईंना सगळे तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'कडक इस्त्री'. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकतही नव्हती. तळघरातल्या धुलाई विभागात चौतीस वर्षं काढलेल्या बाईला याहून बरं नाव कोण देणार? वरच्या मजल्यांवर डॉक्टर माणसं दुरुस्त करीत आणि खाली बाई त्या माणसांखालच्या चादरी. फरक इतकाच, की चादर बिघडून परत आली तर ती कुणाच्या हातून बिघडली हे बाईंना एका नजरेत कळे. डॉक्टरांना माणसाच्या बाबतीत ते कधीच कळत नसे, असं बाईंचं मत होतं.

बाईंची मतं एकूणच धुतल्यासारखी स्वच्छ असत. नर्सबायांना चादरीचा कोपरा मोडता येत नाही. शेजारणीला दोरीवर कपडे वाळत घालता येत नाहीत, ती नुसती टांगते. जावयाला शर्टाची बाही दुमडता येत नाही. नवऱ्याला काय येत नाही हे सांगायचं तर सकाळी लवकर बसावं लागेल. हे सगळं त्या बोलून दाखवत असं नाही. त्यांची डावी नाकपुडी एक कणभर वर जाई, तेवढं पुरे. त्या नाकपुडीने दोन शिकाऊ नर्सना रडवलं होतं आणि एका साबणाच्या विक्रेत्याला धंदा बदलायला लावला होता.

पण या बाईंच्या आयुष्यात एक गोष्ट राहून गेली होती. हाताखालून एवढ्या चादरी गेल्या, पण दुसऱ्या कुणी घातलेल्या पलंगावर त्या कधी निवांत झोपल्या नव्हत्या. घरी पलंग त्याच घालीत. नातेवाइकांकडे गेलं की 'तुमच्यासारखं आम्हाला जमत नाही हो' म्हणत यजमानीण चादरच हातात देई. दोन बाळंतपणं झाली तीही याच इस्पितळात, आणि दुसऱ्या वेळी ऐन कळांमध्ये चादरीवरचा शिक्का वाचून बाई ओरडल्या होत्या, "ही तर दुसऱ्या मजल्यावरची! इथे कशी आली?"

म्हणून साठी जवळ आली, नोकरीही त्याच महिन्यात संपायची होती, तेव्हा बाईंनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"एक रात्र. भाड्याची खोली. पलंग दुसऱ्या कुणीतरी घातलेला. मी जायचं आणि आडवं व्हायचं. बाकी मला हार नको, केक नको, भाषण तर नकोच."

"झालंच म्हणून समज," नवरा म्हणाला.

छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने 'झालंच म्हणून समज' म्हटलेली एकही गोष्ट झालेली नव्हती. बाईंची नाकपुडी हलली.

नवऱ्याला अख्खं गाव मास्तर म्हणे. मास्तरांची गाडी शिकवण्याची शाळा होती, म्हणजे एक गाडी होती, गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी लाल पाटी होती, आणि शेजारच्या सीटवर स्वतः मास्तर होते. त्या सीटखाली त्यांनी आपल्यासाठी पेडलांचा दुसरा संच बसवून घेतला होता. इतर मास्तरांकडे नुसता ब्रेक आणि क्लच असतो. यांच्याकडे ॲक्सिलरेटरसुद्धा होता, कारण विद्यार्थी हळू चालवतो, तास लांबतो आणि पेट्रोल फुकट जातं. मास्तरांच्या डोक्यातला प्रत्येक विचार असा शेवटी पेट्रोलपाशी येऊन थांबे. उतारावर ते इंजिन बंद करीत. दिवाणखान्यात दोन दिवे होते, त्यातला एक 'पाहुण्यांचा' होता, आणि पाहुणे कोण हे मास्तर ठरवीत.

तरी या खेपेला त्यांनी खरोखर डोंगरमाथ्यावरचं एक विश्रामगृह शोधलं. दीडशे किलोमीटर. फोनही लावला. व्यवस्थापक म्हणाला, थोडी रक्कम आधी पाठवा, खोली राखून ठेवतो.

"न बघितलेल्या खोलीचे पैसे?" मास्तर फोनवर गरजले. "उद्या न बघितलेल्या विद्यार्थ्याला लायसन द्या म्हणाल!"

मग व्यवस्थापक म्हणाला, ठीक आहे, पण संध्याकाळी सहाच्या आत या. सहाला खोली पुढच्या माणसाला जाईल, गर्दीचे दिवस आहेत. यानंतर मास्तर बाल्कनीत जाऊन आणखी बराच वेळ हळू आवाजात काहीतरी बोलत होते, पण बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी फक्त 'सहा' हा आकडा तेवढा मनात दुमडून ठेवला.

"आठला निघू, जेवायला वर," मास्तर म्हणाले.

वाढदिवसाच्या सकाळी बाई पाचला उठल्या, वाटेत खर्च नको म्हणून डबा केला, ठेवणीतली साडी नेसल्या आणि आठाला पाच कमी असताना बॅग घेऊन खाली आल्या. गाडी दारात उभी होती. टपावर लाल पाटी तशीच. शेजारच्या सीटवर मास्तर. आणि स्टिअरिंगमागे, दोन्ही हातांनी ते घट्ट धरून, एक गोरेगोमटे, घामाघूम गृहस्थ.

"हे कोण?"

"डॉक्टर. दातांचे."

"माझे दात ठीक आहेत."

"अगं, शिकाऊ आहेत ते." मास्तर खिडकीतून डोकं बाहेर काढून कुजबुजले. "लांब पल्ल्याचा सराव! फी त्यांची, पेट्रोल त्यांचं, सहल आपली. आहे की नाही डोकं?"

"असेल. कुठे ठेवलंय ते शोधायला हवं."

"नमस्कार वहिनी," डॉक्टर मान न वळवता म्हणाले. मान वळवली तर स्टिअरिंगही वळेल अशी त्यांना भीती होती. "तुम्हालाही त्याच बाजूला काम आहे असं मास्तर म्हणाले. बसा ना, सोडतो की तुम्हाला."

स्वतःच्या साठीच्या सहलीत आपण वाटेत उचललेलं माणूस आहोत, हे बाईंना तेव्हा कळलं. त्यांनी मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर बसल्या, डबा मांडीवर घेतला, आणि मास्तरांच्या मानेकडे अशा बघत राहिल्या की मास्तरांनी दोनदा कॉलर वर ओढली.

हे डॉक्टर बावन्न वर्षांचे होते आणि परीक्षेत चार वेळा नापास झाले होते. चौथ्या वेळी तर परीक्षक अर्ध्या वाटेत उतरून पायी ऑफिसला गेला होता. माणूस सज्जन. दवाखान्यातली सवय अशी हाडात मुरलेली, की गाडीला धक्का बसला की ते गाडीचीच समजूत काढीत. क्लच सुटला, गाडीने उडी मारली, की "झालं झालं, संपलंच हं." ब्रेक जोरात लागला की "थोडंसं दुखेल." आणि इंजिन बंद पडलं की ते दोन क्षण गप्प बसत, जणू आता नातेवाइकांना काय सांगावं.

"आरसा," मास्तर म्हणत. "इंडिकेटर. श्वास सोडा. डॉक्टर, श्वास सोडा, तुम्ही निळे पडताय."

गाडी पंचविसाच्या वेगाने चालली होती. बाईंना वाटलं, आपण इस्पितळातल्या धुलाईयंत्रात बसलोय आणि कुणीतरी चुकून नाजूक कपड्यांचं बटण दाबलंय. एक सायकलवाले आजोबा त्यांना मागे टाकून गेले, पुन्हा वळून आले आणि काळजीने विचारू लागले, "काय झालंय? ढकलू का?"

"नाही नाही, शिकतोय," डॉक्टर नम्रपणे म्हणाले.

"शिका, शिका," आजोबा म्हणाले आणि पुढे निघून गेले. लांबवर त्यांची पाठ दिसत होती. ती लहान लहान होत गेली.

"आपण किती वाजता पोचणार?" बाईंनी विचारलं.

"वेळ भरपूर आहे."

"मी वेळ विचारली. तिची तब्येत नाही."

त्याच क्षणी मास्तरांना एक मोकळं मैदान दिसलं आणि फी घेतली आहे तर रिव्हर्सही होऊन जाऊ दे असं त्यांच्या मनाने घेतलं. चाळीस मिनिटं गाडी त्या मैदानात मागे मागे जात होती. बाईंनी उभ्या जन्मात एवढा प्रवास उलट्या दिशेने केला नव्हता. डोंगर दूर दिसत होता आणि आणखी दूर जात होता.

एक वाजता ते एका झाडाखाली जेवायला बसले, तेव्हा निम्मी वाटसुद्धा झाली नव्हती. तेवढ्यात मुलीचा फोन आला. बाईंचे हात खरकटे, म्हणून मास्तरांनी फोनचा स्पीकर लावला.

"आई, साठाव्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! पोचलात? खोली कशी आहे?"

"खोली जिथे होती तिथेच आहे गं. आम्ही पोचलो नाही."

"म्हणजे? बाबांनी काय केलं?"

"बाबांनी काय केलं नाही ते विचार. लवकर संपेल."

फोन बंद झाला. डॉक्टरांच्या हातातला घास हातातच राहिला होता. त्यांनी आधी बाईंकडे बघितलं, मग मास्तरांकडे, मग स्वतःच्या पानातल्या, बाईंनी पहाटे उठून केलेल्या जेवणाकडे. त्यांचे कान लालबुंद झाले.

"मास्तर, वहिनींचा साठावा वाढदिवस, आणि मला तुम्ही म्हणालात, तिकडे काम आहे?"

"कामच आहे की. झोपण्याचं."

"तुम्ही मला त्यांच्या वाढदिवसात घुसवलंत! आणि माझ्याकडून पैसेसुद्धा घेतलेत!"

"पावती देतो ना."

डॉक्टरांनी घास पानात ठेवला, हात पुसले. खिसे चाचपू लागले, आणि शेवटी वरच्या खिशातून दवाखान्याचा पत्ता छापलेला एक कोरा टूथब्रश काढून त्यांनी दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. "आत्ता एवढंच आहे वहिनी. मऊ आहे."

बाईंनी ब्रश उलटसुलट केला. नाकपुडी हलली, पण अर्ध्यावरच थांबली. सकाळपासून भेट म्हणून कुणी काही हातात ठेवलं होतं ते हेच. "चहाबरोबर खायला नाही ना हा?" त्या म्हणाल्या आणि ब्रश पर्समध्ये टाकला.

डॉक्टरांनी मग वहिनींसाठी म्हणून जिवावर उदार होऊन चाळीसचा वेग धरला. पण चारच्या सुमाराला घाट लागला. तीन वळणं कशीबशी पार पडली. चौथ्या वळणाच्या चढावर पुढचा ट्रक थांबला, गाडी थांबली, आणि ट्रक निघाला तरी गाडी निघेना. डॉक्टरांनी क्लच सोडला, इंजिन बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी चक्क मागे घसरली. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून मागच्या टेम्पोचं नाक वाचलं. मागे भोंग्यांचा नुसता कल्ला उसळला.

डॉक्टरांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मास्तर, मी दात काढतो. तेवढंच मला येतं. हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

"अहो," बाई मागून म्हणाल्या, "पावणेपाच झाले. तुम्ही चालवा."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"मी चालवा म्हटलं."

मास्तर उतरले, वळसा घालून गेले आणि डॉक्टरांना मागच्या सीटवर पाठवून स्वतः स्टिअरिंगमागे बसले. मग जे झालं ते बाईंनी छत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मास्तरांनी गाडी चालू केली, दोन हात पुढे नेली, आणि ती थेट दरीकडच्या कठड्यावर चालली. कचकन ब्रेक. पुन्हा चालू केली, पुन्हा कठडा. अठ्ठावीस वर्षं हा माणूस शेजारच्या सीटवरून रस्ता बघत आला होता. जग त्या कोनातून दिसलं तरच त्यांना ते सरळ वाटे. इकडून बघितलं की रस्ता हातभर सरकल्यासारखा. शिवाय दुसऱ्या कुणाची चूक दिसल्याशिवाय त्यांचे पायच हलत नसत.

"मला..." मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला इथून दिसत नाही गं."

अख्ख्या गावाला गाडी शिकवणारा मास्तर, आणि त्याला गाडी चालवता येत नाही! एरवी बाईंनी हा क्षण पुढची दहा वर्षं पुरवून पुरवून वापरला असता. पण वर बारा किलोमीटरवर एक पलंग होता, सहाला तो दुसऱ्या कुणाचा होणार होता. तुच्छतेला सवड नव्हती, म्हणून त्यांनी ती सगळी एका शब्दात उरकली.

"उतरा."

"अगं, पण तू?"

"ओल्या चादरींची ढकलगाडी कोण नेत होतं चार मजले रॅम्पवरून? तुमची आत्या? चढ काय आणि वळण काय, मला नका शिकवू. तुम्ही तुमच्या जागेवर बसा. पाय तुमचे, हात माझे. तोंड कुणीच वापरायचं नाही."

"तुझ्याकडे लायसन—"

"टपावर पाटी कसली आहे?"

मास्तर मुकाट्याने आपल्या सीटवर जाऊन बसले. तिथे बसल्याबरोबर त्यांच्या पायांत जीव आला. क्लच, गिअर, ॲक्सिलरेटर सगळं लोण्यासारखं झालं आणि गाडी कुरकुर न करता चढ चढू लागली. बाईंनी पदर खोचला होता. भरलेली ढकलगाडी वळवताना घेर आधी बाहेरून घ्यायचा, मग आत यायचं, नाहीतर मागचं चाक भिंतीला घासतं, हे त्यांच्या मनगटांना पाठ होतं. त्या वळणावर वळण घेत गेल्या. समोरून एक बस आली आणि 'बाजूला व्हा' म्हणून भोंगा वाजवू लागली. बाईंनी ड्रायव्हरकडे फक्त बघितलं. बस बाजूला झाली.

"थोडंसंच राहिलंय हं," डॉक्टर मागून, डोळे मिटून, कुणाला तरी म्हणत होते.

मास्तर मात्र बाईंच्या हातांकडे बघत होते. हात हवे तिथे, पकड हवी तेवढी. इतक्या वर्षांत असा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता. न राहवून ते म्हणाले, "अगं, तुझे हात काय—"

"तोंड," बाई म्हणाल्या.

सहाला दहा कमी असताना गाडी विश्रामगृहाच्या फाटकातून आत शिरली. व्यवस्थापकाच्या टेबलाशी एक जोडपं पिशव्या घेऊन घड्याळाकडे टक लावून उभं होतं. बाईंनी त्यांच्यासमोरून किल्ली उचलली आणि जिना चढल्या. मागे मास्तर, त्यांच्या मागे बॅग उचलून डॉक्टर.

खोली चांगली होती. मोठी खिडकी, वेताची खुर्ची, भिंतीवर एक घड्याळ. आणि मधोमध पलंग. पलंगावर उघडी, पट्ट्यापट्ट्यांची गादी, तिच्यावर दोन बिनअभ्र्याच्या उशा.

"चादर?" बाई म्हणाल्या.

"साहेबांनी फोनवर ठरवलं होतं ना," दारात आलेला व्यवस्थापक म्हणाला. "चादरी घरच्या आणतो, पलंग आम्हीच घालू, भाडं कमी लावा. तसंच लावलंय मॅडम."

मास्तरांचा चेहरा फुलला होता. डिकीतून आणलेली पिशवी त्यांनी आता पाठीमागून पुढे घेतली. "आपल्या निळ्या फुलांच्या! तूच इस्त्री केलेल्या! म्हटलं, तुला कुणाचं काम पसंत पडत नाही, मग उगाच दुसऱ्याला पैसे कशाला..."

त्यांनी मान वर केली. बाईंची नाकपुडी हलली नव्हती. काहीच हललं नव्हतं. त्या पिशवीकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. आणि हे मास्तरांना सगळ्या नाकपुड्यांपेक्षा भयंकर वाटलं. डॉक्टरांनी बॅग इतकी हळू खाली ठेवली, की जणू भूल उतरू नये.

मग बाईंनी नाक पुसलं आणि व्यवस्थापकाला विचारलं, "पूर्ण भाडं लावलं तर चादर मिळते?"

"हो. उशांचे अभ्रे, पांघरूण, सगळं."

"आणि घालतं कोण?"

"आमची बाई आहे ना."

बाईंनी मागे न बघता हात मागे केला. मास्तरांनी खिशातून डॉक्टरांच्या फीचं पाकीट काढलं, क्षणभर हातात तोललं आणि बायकोच्या तळव्यावर ठेवलं. त्यांच्या हिशेबी आयुष्यातला तो बहुधा सर्वात महाग क्षण होता.

विश्रामगृहाची बाई आली. जाडजूड, घाईत, ओठांत गाणं गुणगुणत. बाई वेताच्या खुर्चीत बसून बघत होत्या. चादर तिरकी पडली. बाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. डावा कोपरा मोडला तो नुसता खुपसला. उजवा तर मोडलाच नाही. मधे एवढी मोठी सुरकुती राहिली, की तिच्यातून घाटाचा रस्ता काढता आला असता. उशीच्या अभ्र्याची शिवण वरच्या बाजूला आली. छत्तीस वर्षांच्या सहवासाने मास्तरांनाही हे सगळं दिसत होतं. ते पुढे झाले आणि घाईघाईने उजवा कोपरा दुमडू लागले.

"हात लावू नका!" बाई कडाडल्या.

विश्रामगृहाची बाई गाणं गुणगुणत निघून गेली. डॉक्टर निळ्या फुलांच्या चादरी काखोटीला मारून व्हरांड्यातल्या बाकाकडे गेले. फी देऊन आलोय, आता झोपतोही बाकावर, पण वहिनींच्या खोलीत नाही, असं ते जिन्यात स्वतःलाच समजावत होते.

खिडकीत अजून ऊन होतं. बाईंनी चपला काढल्या, ठेवणीतल्या साडीसकट पलंगावर आडव्या झाल्या, आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. सुरकुती बरोबर पाठीखाली आली होती. त्यांनी डोळे मिटले.

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले. मग पुढे झुकले.

"कशी आहे गं?"

"भिकार," बाई म्हणाल्या, आणि कुशीवर वळून, तोंडभर हसू घेऊन, झोपी गेल्या.